ठोंबरेचं डेन्मार्क

ठोंबरेची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्याचं मशीन बंद करायला धावलो तेव्हा. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या दूध शीतकरण केंद्रात मी नुकताच केमिस्ट म्हणून रुजू झालो होतो. दुपारी नमुने तपासत बसलो असताना मशीनरूममधून असा काही खडखडाट सुरू झाला, की कॉम्प्रेसर भिंत फोडून पुढच्या सणसर गावाच्या दिशेनं निघाला असावा असं मला वाटलं. त्यात कुणीतरी जिवाच्या आकांतानं किंचाळतही होतं. माणूस पट्ट्यात सापडला, या समजुतीनं मी धावत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. आवाज थांबेना. स्टुलावर रुंद खांद्यांचा एक सावळा माणूस बशीतून चहा पीत बसला होता. त्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मशीन मघापासनं बंदच हाय, सायेब. लाईट गेलीया. ह्यो टेप सेलवर चाललाय," तो म्हणाला. "ह्यो डेन्मार्क हाय."

"मग ओरडतंय कोण?"

"त्येच गातंय की," ठोंबरे म्हणाला आणि उरलेला चहा प्याला.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी केंद्रात परदेशी मशीन बसवायला डेन्मार्कहून एक इंजिनिअर आला होता आणि ठोंबरे त्याच्या हाताखाली होता. ठोंबरेला इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि पाहुण्यालाही ते बेताचंच येत होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. जाताना पाहुण्यानं आपला टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेटी ठोंबरेला देऊन टाकल्या, आणि पुढेही अधूनमधून पोस्टानं पाठवत राहिला. या संगीताला तिकडे 'मेटल' म्हणतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कॅसेटींवर बँडची नावं बाभळीचे काटे रचून लिहिल्यासारखी असत. ती वाचणं माझ्याही आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून पाहुण्यानं प्रत्येकीवर पेनानं देशाचं नाव लिहिलं होतं, आणि ठोंबरे बँडला त्याच नावानं ओळखे.

"जर्मनी कामाचा माणूस," तो मला समजावून सांगे. "टायमात सुरू, टायमात बंद. नॉर्वेला सारखा ताप असतोय. आन फिनलंड लई दुःखी, पर इमानदारीनं दुःखी. मधीच नाचाय लागत न्हाय."

त्याच्या घरात पूर्वी मेंढरं होती. वडिलांनी ती विकून सणसरला कालव्याकडेला थोडी जमीन घेतली आणि ऊस लावला. ठोंबरे दहावी करून केंद्रात ऑपरेटर म्हणून लागला. स्वतः इतक्या हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. टेपच्या आवाजाबद्दल कुणी तक्रार केली तर भांडायचा नाही. "आवाज मोठा न्हाय, खोली ल्हान हाय," एवढंच म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

त्याचं दुसरं वेड म्हणजे अवकाशयानांचे सिनेमे. बारामतीच्या टॉकीजला हिंदीतून बोलणारा असा एखादा इंग्रजी सिनेमा लागला, की सुट्टीच्या दिवशी तो मॅटिनीला हजर. एकदोनदा मलाही ओढून घेऊन गेला. परग्रहावरची माणसं दर वेळी अमेरिकेतच का उतरतात, हे त्याला मुळीच पटत नसे. "तितं उंच इमारती, तारा, गर्दी. यान लावायचं कुठं? आपल्या उजनी धरणाच्या कडंला एवढा माळ पडलाय. पाणी हाय. दोन दिस कुणी इचारणार बी न्हाय." हे तो विनोदानं बोलत नव्हता. त्यानं जागा बघून ठेवली होती.

पण त्याचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. यानाचं दार उघडलं की समोरची माणसं लगेच बंदुका रोखतात, ते बघून तो खुर्चीत अस्वस्थ व्हायचा. "त्यो बिचारा कुठनं कुठनं आलाय," बाहेर आल्यावर तो म्हणायचा. "त्येनं तोंड उघडायच्या आत ह्यांचं सुरू. आरं, कळलं न्हाय तरी कॅसेटची एक बाजू संपस्तवर ऐकून घ्या की! मग मारा." एक बाजू म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. कोणत्याही सजीवाला तेवढा वेळ द्यावा, असा त्याचा सिद्धांत होता.

त्याला स्वतःला मात्र तेवढा वेळ कुणी दिला नव्हता. टेप सुरू झाला की आई कोंबड्या घेऊन परड्यात जाई. टँकरचे ड्रायव्हर पहिल्या मिनिटाला कानावर हात ठेवत. मी दहा मिनिटं टिकलो आणि मग मला एक नमुना तपासायचा राहिल्याची आठवण झाली. पूर्ण एक बाजू ऐकली ती फक्त रानडुकरांनी. शेजारच्या आबांच्या उसात डुकरं येऊ लागली, तेव्हा त्यांनी हाकलायला म्हणून 'नॉर्वे' मागून नेली आणि आठवड्यानं परत आणून दिली. "पयल्या दिशी पळाली," आबा वैतागून म्हणाले. "आता येत्यात, ऊस खात्यात आन बसून ऐकत्यात." ठोंबरेचा चेहरा उजळला. "शेवटपर्यंत बसत्यात?" त्यानं विचारलं.

त्याला मनापासून हवं होतं ते एवढंच, की एका तरी माणसानं आपल्याशेजारी बसून एक बाजू ऐकावी. आवडलीच पाहिजे असा आग्रह नव्हता. मला त्याची दया येई, पण कान माझे होते.

तिशी उलटली तरी लग्न जमेना, तेव्हा त्याचे मामा मैदानात उतरले. ठोंबरेनं त्यांना एकच अट सांगितली. रंग, शिक्षण, हुंडा, काही नको. मुलीनं कॅसेटची एक बाजू बसून ऐकायची. मामांना वाटलं, पोराला भजनाचा नाद आहे, बरंच झालं. पहिल्या ठिकाणी 'स्वीडन' सुरू झाली आणि मुलीच्या आजीनं देवापुढं दिवा लावला. दुसऱ्या ठिकाणी मुलीचे काका म्हणाले, "पावणं, वायर सैल झालीया तुमच्या टेपाची." मामांनी नंतर रस्त्यात उभं राहून विचारलं, "अंकुशा, तुला लगीन करायचंय का कान फोडायचेत लोकांचे?" अंकुश ठोंबरे खाली मान घालून म्हणाला, "जिला ऐकायला जमंल तिच्यासंगंच करायचं, मामा."

तिसरं स्थळ इंदापूरचं. हायवेवर टायरला नवा रबर चढवून देणाऱ्या तात्यांची मुलगी, सुनंदा. साक्षीदार म्हणून या वेळी मलाही नेलं होतं. पोहे झाले, आणि ठोंबरेनं बशा बाजूला सारून टेप मांडला. 'फिनलंड' सुरू झाल्यावर बशांतले चमचे वाजू लागले. खिडकीत शेजारीपाजारी जमले. मामा डोळे मिटून बसले. सुनंदा मात्र मांडीवर हात ठेवून समोरच्या पंख्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर ना आनंद, ना त्रास. शेवटी टेपचं बटण खट्टदिशी वर आलं आणि खोलीत अवघडल्यासारखं झालं. ठोंबरे कॅसेट बाहेर काढू लागला. तेव्हा तिनंच विचारलं, "दुसरी बाजू न्हाय का?"

मामांनी कपाळावर हात मारून घेतला. परतीच्या एसटीत ठोंबरे सणसर येईपर्यंत टेप मांडीवर धरून बसला होता. उतरताना म्हणाला, "सायेब, तिनं दुसरी बाजू मागितली."

"हो, मी तिथंच होतो," मी म्हणालो.

लग्नानंतर काही महिने ठोंबरे जमिनीवर नव्हता. रोज संध्याकाळी घरी एक देश. सुट्टीला बारामतीला सिनेमा. यानातून निघालेल्या माणसांची गोष्ट पाहून सुनंदावहिनींनी विचारलं, "एवढी माणसं वरीसवरीसभर उडत्यात, तर सैपाक कोण करतंय?" ठोंबरे त्यावर कितीतरी दिवस विचार करत होता. इतके सिनेमे पाहून ते आपल्या लक्षात आलं नाही, याचं त्याला आश्चर्य वाटलं.

मग दिवाळीला डेन्मार्कच्या पाहुण्याकडून 'पोलंड' आली. ती ठोंबरेनं मोठ्या कौतुकानं लावली, आणि वहिनी म्हणाल्या, "एक सांगू का? मला ह्यातलं काईच आवडत न्हाय."

"मग त्या दिशी?"

"त्या दिशी मला कुणी काई इचारलं न्हाय. त्याआधी जो यील त्यो म्हणायचा, चालून दाखव, वाचून दाखव, येणी सोड. तुमी म्हणला, नुसतं बस. निवांत बसाया मिळालं, म्हणून म्हणलं, आजून वाईच बसावं."

हे ठोंबरेनं मला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तो मशीनचा नट पुसत होता, तो पुसून झालेला असूनही. त्याच्या मनाला फार लागलं होतं. घरी टेप बंद झाला आणि त्याबरोबर त्याचं बोलणंही बंद झालं. वहिनींनी काही दिवस वाट पाहिली आणि पिशवी भरून इंदापूरची एसटी धरली.

आणायला जाताना त्यानं मला सोबत घेतलं. टेपही घेतला. तो कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानात टायरांच्या ढिगाशेजारी वहिनी उभ्या होत्या. वडील आणि मी समोर असताना त्या ठोंबरेला म्हणाल्या, "सिनेमातल्या त्या हिरव्या माणसासाठी तुमचा जीव तुटतोय. आधी त्याचं ऐकून घ्या म्हणता. माझं कवा ऐकलं? म्या तुमची कॅसेट संपस्तवर बसले. आता तेवढाच येळ तुमी बसा. मग बघू यायचं का न्हाय ते."

ठोंबरेनं पिशवीतून टेप काढला, 'फिनलंड' घातली आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं. ते बटण त्या दिशेला कधी गेलं नसावं. त्याला जोर लावावा लागला. कॅसेट मुकाट्यानं फिरू लागली. वहिनींनी दार लोटून घेतलं. मी आणि तात्या बाहेर टायरांवर बसलो. रस्त्यावरून सोलापूरकडचे ट्रक चालले होते, त्यामुळे आतलं काही ऐकू येत नव्हतं.

"काय चाललंय आत?" तात्यांनी विचारलं.

"कॅसेट लावलीय," मी म्हणालो.

"आवाज तर न्हाय."

"नाही."

तात्यांनी मान डोलावली आणि तंबाखू मळायला घेतली. जावयाचं काही विचारू नये, हे त्यांनी पोह्यांच्या दिवशीच ठरवलेलं होतं.

दार उघडलं तेव्हा ठोंबरेचे डोळे लाल होते. त्याला कळलं होतं, की सासू रानात गेली की कालव्याकाठच्या त्या वस्तीवर तिला दिवसभर बोलायला माणूस नसतं, आणि तिनं माहेरी चालवलेला शिवणाचा क्लास सणसरला घ्यायचं तिच्या मनात पहिल्या महिन्यापासून आहे. बाकीचं त्यानं मला सांगितलं नाही, ते बरंच केलं. "लई हाय, सायेब," तो म्हणाला. "एका बाजूत मावत न्हाय." वहिनी पिशवी घेऊन मागून येतच होत्या.

तेव्हापासून त्या घरात रिवाज पडला. संध्याकाळी कॅसेटची एक बाजू ठोंबरेची. ती वहिनी बसून ऐकत, आवडत नसूनही. मग कॅसेट उलटायची, आवाज शून्यावर न्यायचा, आणि ती बाजू संपेपर्यंत वहिनींनी बोलायचं. ठोंबरेनं मधे एक शब्द काढायचा नाही. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास सुरू झाला. एक मुलगी झाली. गावानं हसून घेतलं आणि मग हसायचं सोडून दिलं.

लग्नाला दहा वर्षं होत आली तेव्हा ठोंबरेला कमी ऐकू यायला लागलं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं मशीनरूममध्ये काढल्यावर कान राहिलेत तेच खूप. 'डेन्मार्क' त्यानं कान स्पीकरला लावून ऐकून पाहिली आणि टेप बंद केला. मला वाटलं, हा माणूस आता खचणार. पण दुसऱ्या दिवशी कामावर आला तो नेहमीसारखाच. म्हणाला, "मला लागत न्हाय ऐकू, तर माझी बाजू फुकट कशाला घालवायची? ती बी तिला दिऊन टाकली. जरा वरडून बोलावं लागतंय तिला, पर जमतंय."

थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. निरोप घ्यायला संध्याकाळी सणसरला गेलो, तर कालव्याच्या पुलापासूनच वहिनींचा आवाज ऐकू येऊ लागला. भांडण चाललंय असं समजून मी थबकलो. गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई म्हणाली, "जावा की, भांडत न्हाईत. त्येंचं रोजचं हाय."

ठोंबरे बाजेवर डोळे मिटून बसला होता. शेजारी कॅसेट मुक्यानं फिरत होती. वहिनी समोर उभ्या राहून, गळ्याच्या शिरा ताणून, क्लासमधल्या एका मुलीनं ब्लाउजची बाही उलटी कशी लावली, मग ती स्वतःच तो अंगात घालून कशी अडकली आणि तिला कात्रीनं कसं सोडवावं लागलं, ते सांगत होत्या. वस्तीवरच्या प्रत्येक घराला ते आता माहीत झालं होतं. ठोंबरेची मान लयीत हलत होती. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो.

बटण खट्ट झालं. ते त्याला ऐकू आलं नाही, पण वहिनींच्या थांबण्यावरून कळलं. वहिनींचा घसा बसला होता. त्या माठातलं पाणी प्यायल्या. ठोंबरेनं डोळे उघडले. मी त्याला दिसलो, पण त्यानं हातानंच थांबायची खूण केली.

"त्या बाहीचं परत सांग," तो बायकोला म्हणाला. "सुरवातीपासनं."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, आणि कालव्यापलीकडे जाईल अशा आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.