गिरणीची जाहिरात का काढली?

रविवारपासून डोकं फिरलंय... आज लिहूनच टाकते. आमच्या गावचा नवा अंक आला आणि तो उघडून पाहिल्यापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नातेपुत्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि गावाचं स्वतःचं त्रैमासिक आहे. आम्ही पाचसहा जण हौसेनं काढतो. मी नातेपुत्यात एका मेडिकलमध्ये कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी अंकाचं टायपिंग करते, प्रुफं बघते. घरचं खाऊन लष्करच्या भाकरी भाजणं म्हणतात ना, तसंच... पण आवडतं.

अंक चालतो तो गावातल्या दुकानांच्या जिवावर. सलूनवाला, खताचं दुकान, डेअरी, आणि सगळ्यात आधी कमलकाकूंची पिठाची गिरणी. आता अख्ख्या गावात गिरणी एकच, तिला जाहिरात कशाला लागते? पण पहिल्या अंकाच्या वेळी सगळे "बघू, बघू" करत होते, तेव्हा काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, माझं नाव घाल की.

तेव्हापासून दर अंकात तीच चौकट. 'कमल पिठाची गिरणी. उपवासाचं पीठ वेगळ्या जात्यावर दळून मिळेल.' गिरणीच्या पाटीवर अजून त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव आहे. काकूंचं स्वतःचं नाव छापलेलं असं ते फक्त आमच्या अंकात.

अंक वाटायचं कामही हीच मंडळी करतात. डेअरीवाला वस्त्यांवर नेतो, आणि काकू दळणाच्या डब्यावर एकेक अंक ठेवून देतात. पीठ जातं त्या घरी अंक जातो.

तर यंदा आमच्याच गावचे, पुण्यात कंपनी असलेले एक साहेब पुढे आले. सगळा खर्च माझा म्हणाले. अट एवढीच की आतल्या जाहिराती काढायच्या, कारण त्यामुळे अंक आठवडी बाजारासारखा दिसतो... बाजारासारखा! अहो, त्याच बाजारातून तुम्ही लहानाचे मोठे झालात.

बैठकीत मी भांडले. पण संपादक गुरुजी दारोदार फिरून थकलेत, आणि बाकीच्यांना गुळगुळीत कागदाची भुरळ पडली. मी एकटी पडले. दुकानदारांना सांगायची जबाबदारी सगळ्यांनी एकमेकांवर ढकलली आणि शेवटी कुणीच सांगितलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

अंक आला. कागद असा की माशी बसली तर घसरेल. गिरणी नाही, सलून नाही, डेअरी नाही... साहेबांचा फोटो मात्र पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि मागच्या कव्हरवरही. मधल्या पानावर तर झाड लावताना. मग ही जाहिरात नाही तर काय आहे?

आणि आता वाटणार कोण? साहेब पुण्यात. गठ्ठा घेऊन मलाच गिरणीवर जावं लागलं. काकूंनी गिरणी बंद केली, एक अंक घेतला, सगळी पानं उलटली. मग परत पहिल्यापासून उलटली. मी काही सांगायला लागले तर हातानंच थांबवलं.

"ठिऊन जा, वाटती मी. पर पोरी, न्हाय घालायचं व्हतं तर आदी सांगायचं तरी. करमाळ्याला भैनीला सांगून ठिवलंय, अंक धाडती म्हणून."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथे उभंही राहवेना.

तेवढ्यात दळण न्यायला साहेबांच्या आई आल्या. आजी वस्तीवर एकट्याच राहतात. अक्षराला अक्षर जोडून वाचतात, बारीक टाइपातले लेख काही त्यांच्या डोळ्यांना झेपत नाहीत. त्या वाचतात जाहिराती... मोठ्या अक्षरातल्या, आणि सगळी ओळखीची नावं. अंक आला की त्या जाहिरातींची पानं वाचतात हे मला त्या दिवशी कळलं.

काकूंनी नेहमीसारखा त्यांच्या डब्यावर अंक ठेवला. आजींनी तिथंच उघडला, बराच वेळ शोधत राहिल्या.

"कमळे, ह्यात तू कुटं हाईस?"

काकू जात्याभोवतीचं पीठ झाडायला लागल्या. मग मीच सांगितलं. जाहिराती निघाल्या, आणि कुणी काढायला लावल्या तेही. माझा आवाज चढला होता, मान्य आहे. पण खोटं एक अक्षर बोलले नाही.

आजी लेकाच्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्येला मी रोज फोनवर बघती की. मला ताप आलता तवा कमल भाकरी घिऊन येत हुती, ह्यो न्हाय." अंक उचलून त्यांनी परत गठ्ठ्यावर ठेवला. "मला नगं. कमलचं नाव आसंल तवा दे."

डबा घेऊन गेल्या. काकूंनी गिरणी सुरू केली. कितीतरी वेळ पाठमोऱ्याच उभ्या होत्या.

संध्याकाळी साहेबांचा फोन... आईच्या डोक्यात काय भरवलंस, मी गावासाठी एवढं केलं त्याचं हेच फळ का, वगैरे. मी म्हटलं, आईंना परत फोन करा आणि त्यांनाच विचारा. त्यांनी फोन ठेवला.

काल गुरुजी स्वतः गिरणीवर जाऊन आले, नंतर सलूनमध्ये, डेअरीवर. माफी मागून आले. पुढचा अंक आपल्या जुन्या, साध्या कागदावर निघणार आहे, आणि ज्यांनी आम्हाला दारात उभं केलं त्यांच्या चौकटी त्यात असणार आहेत. त्यांचे आभार मानायला मी शब्द कुठून आणू...

आणि साहेब, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. अंकात जागा तुम्हालाही आहे, नाही कोण म्हणतंय? कमलकाकूंच्या शेजारची चौकट रिकामी आहे. काकूंना मिळते तेवढीच मिळेल.