रंगारी मॅडम आणि माझा आवाज

रंगारी मॅडम गेल्याची बातमी आली तेव्हा मी बाजारात संत्र्यांची हर्रास बोलत होतो, म्हणजे लिलाव पुकारत होतो. फोन खिशात टाकला आणि उरलेले ढीग पुकारून संपवले. लोक म्हणतील, काय दगड माणूस आहे! पण मला पुकारता येतं तेच मुळी मॅडममुळे. त्यांच्यासाठी गप्प बसणं काही मला जमलं नाही. रडू नंतर आलं, घरी गाडी लावताना... आणि चांगलं भरपूर आलं.

संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात दुचाकी चालवायची ती जीव मुठीत धरूनच. पतंगाचा नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा लोंबतो आणि दिसत नाही. अशाच एका संक्रांतीला महाल भागातून येताना तो माझ्या गळ्यात अडकला, मी गाडीसकट खाली. मागे बसलेल्या सुधाकरने, माझ्या मित्राने, कोणीही नागपूरकर करील तेच केलं. स्वतःचा दुपट्टा काढून माझ्या गळ्याभोवती गच्च गुंडाळला. उन्हाळ्यात डोक्याला, थंडीत कानाला, लागलं की जखमेला. आमच्याकडे दुपट्ट्याला कुठलंच काम वर्ज्य नाही. हातापायाला ते चालतं. गळ्यातून श्वासही जातो, हे त्या घाईत कोणाला सुचणार? सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा मी निळा पडलो होतो, असं तो अजून सांगतो.

मॅडम तिथे गळ्याच्या सर्जन होत्या. त्यांनी आधी कात्रीने दुपट्टा कापला आणि रक्त येत होतं नेमकं तिथे बोट दाबून धरलं. "गळ्याले आवळून बांधत नाहीत गा, दाबून धरतात," असं सुधाकरला सुनावलं. श्वासनलिका चिरली होती, तिथूनच नळी आत घातली आणि तसंच दाबून धरत मला ऑपरेशनला नेलं. पुढे वॉर्डात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. पूर्वी गळ्याची खोल जखम आली की सरसकट उघडूनच बघत. आता माणूस स्थिर असेल तर आधी शिरेत औषध सोडून स्कॅन करतात, कुठली रक्तवाहिनी फुटली ते पाहतात, आणि पुष्कळांचं ऑपरेशन टळतं. "तुह्यासाठी थांबाले वेळच नव्हता," त्या म्हणाल्या. पडलो होतो म्हणून मानेच्या मणक्याचेही फोटो काढले होते. मणका शाबूत निघाला. आवाजाची डावी नस मात्र तुटली होती. नळीमुळे बोलता येत नव्हतं, म्हणून मी तोंडापाशी हात नेऊन खुणेनेच विचारलं, हर्रास? मॅडम गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बोलशील. पण बाजार ऐकन असं बोलशील का, ते मले आज सांगता येत नाही." भयंकर राग आला. हर्रास बोलणाऱ्याचा आवाज गेला तर त्याने काय नुसती संत्री सोलायची?

नळी निघाली, भोक भरलं, तशा त्या मला मनीषनगरच्या आपल्या घरी बोलवू लागल्या. आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी एक हलत नाही, तर दुसरीने पलीकडे जाऊन तिला गाठायचं, आणि ते तिला शिकवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. दर खेपेला एकच वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या: "बोला, हा ढीग कोणाचा?" पहिल्यांदा नुसती हवा निघाली. "पुन्हा म्हण." पुन्हा हवा. मी वैतागून उठलो तर म्हणाल्या, "काहून उठला? भाव नाही आला तर ढीग टाकून जातो का?" बसलो. हळूहळू आवाज आला... खरखरीत, पण आला. आता छोटा स्पीकर लावून पुकारतो, व्यापारी मला फाटका भोंगा म्हणतात. म्हणोत.

परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर त्यांच्या यजमानांनी, रंगारी सरांनी, मला थांबवून घेतलं आणि मॅडमच्या मोबाइलमधलं माझं एकेक रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला मी म्हणजे नुसती फुसफुस, आणि त्यावर मॅडमचा खणखणीत "पुन्हा म्हण". माझा आवाज भरत गेला, तसा त्यांचा बारीक होत गेला. मला वाटलं, मोबाइलच बिघडला. सर म्हणाले, "नाही गा. आवाजाची डावी नस छातीत उतरून, वळसा घेऊन वर येते. तिच्या छातीत गाठ होती. आवाज बसला त्या दिवशीच तिले समजलं, तपासणी तर मंग झाली." मला तर त्यांनी सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं, आणि माझी शिकवणी चालूच ठेवली होती.

शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये माझं वाक्य स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर नुसती हवा येते. कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, त्या "पुन्हा म्हण" म्हणत होत्या. खोलीत त्यांचे नातेवाईक बसलेले होते. मी तिथेच, बाजारात म्हणतो तेवढ्या मोठ्याने, पुन्हा म्हटलं.