कढत पाण्याची साक्ष

भागीच्या घरात झाकणावर लिहिलेलं खरं मानायचं नाही, हा पहिला नियम. केशर श्रीखंड लिहिलंय त्यात मीठ असतं, व्हॅनिलाच्या चौकोनी डब्यात सुकट, आणि लोणच्याच्या बरणीत नाचणीचं बी. सून स्नेहा कल्याणहून लग्न होऊन अंजूरला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने साखर समजून चहात दोन चमचे मीठ घातलं. तिचा नवरा भरत तो चहा निमूट प्यायला. नवी नवलाई होती हो, आज कोणी पाजून बघा त्याला!

दुसरा नियम, प्लास्टिकच्या डब्यात गरम काही भरायचं नाही. हाही स्नेहाला ठेच लागूनच कळला. एकदा घाईत तिने कढत वरण सासूच्या डब्यात ओतलं आणि भरतला दिलं. डबा दिसायला लख्ख, पण दुपारी टेम्पोत बसून त्याने झाकण उघडलं तर वरणाला सुकटीचा घमघमाट. भागी म्हणाली, "अगं, वरून कोरा दिसतो, पन सगलं त्याच्या पोटात बसलेलं असतं. गरम घातलं का वर येतं."

डबे जपायचं हे वेड भागीला आजचं नाही. ती मूळची गणेशपुरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिथे जेवण पळसाच्या द्रोणात, बी-बियाणं भोपळ्याच्या तुंब्यात. तरुणपणी ती गणेशपुरीला एसटी थांब्यापाशी करवंदं विकायला बसायची. एकदा आश्रमाला आलेल्या एका बाईने गाडीत बसल्या बसल्या दही खाल्लं आणि डबा खिडकीतून टाकून दिला. भागीने तो उचलला, उन्हात धरून फिरवून बघितला. द्रोण टाकतात ते तिला कळत होतं. द्रोण कुजतो, मातीत जातो. पण जी वस्तू कुजणारच नाही, ती टाकायची कशाला? हा प्रश्न तिने पुढे बऱ्याच जणांना विचारला. उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

धुण्याचं तिचं शास्त्रही वेगळं. राख स्टीलला, प्लास्टिकला नाही, चरे पडतात. घोसाळ्याच्या सुकलेल्या जाळीने हलक्या हाताने घासायचं, लिंबाची साल आतून फिरवायची आणि रविवारी सगळे डबे शिडीवरून पत्र्यावर नेऊन उन्हात पालथे घालायचे. ऊन हळदीचा डाग खाऊन टाकतं. दोन-तीन उन्हं दिली की डबा पुन्हा पांढरा शुभ्र. स्नेहाच्या हातून झाकणाच्या खाचेत एखादी पिवळी रेघ राहिली तर भागी डबा परत मोरीत ठेवायची, आणि तोंडाचा पट्टा चालू व्हायचा तो वेगळाच. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या, त्यांच्या डब्यांकडे बघवत नव्हतं.

अशा बाईला काम मिळालं तेही कुठे, तर पूर्णा गावातल्या एका गोदामात, जिथे हॉटेलांना लागणारे पार्सलचे डबेच ठेवतात! छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांत डबेच डबे. सहा वर्षं भागी तिथे झाडलोट करते. लागली तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, "चेपलेला, फुटका डबा घेतला तं चालंल?" तेव्हाचा सुपरवायझर म्हणाला, नाही, नियम नाही. न्हाय तं न्हाय. त्यानंतर सहा वर्षांत तिने फुटकं झाकणसुद्धा उचललं नाही.

जेवणाला ती घरून तीन डबे न्यायची. एकात भात, एकात सुकटीची चटणी, एकात भाजी. जेवण झालं की तिथल्या नळावरच घासून, लिंबाची साल फिरवून ठेवायची. चार वर्षांपूर्वी भरतच्या लग्नात केटररने गुलाबजाम भरून दिले होते, त्यातले हे डबे. केटररही माल कुठून घेणार? ह्याच गोदामातून. तेव्हा गोदामातला डबा आणि भागीचा डबा एकाच कारखान्याची पोरं. हे तोवर कोणाच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

एका मंगळवारी पाचशे मिलीच्या डब्यांचं एक खोकं फोडलं, तर त्यात एक चळत कमी निघाली. ऑफिसातून हुकूम आला, सुटताना सगळ्यांच्या पिशव्या झाडून बघा. गेटवर महादू होता. महादू गळ्यात माळ घालणारा, मासळी-मटणाच्या वाऱ्याला न उभा राहणारा, नेमाचा माणूस; फक्त आवाज असा की ट्रक रिव्हर्स घेताना ड्रायव्हरला शिट्टीची गरज नाही. सहा वाजता बायकांची रांग लागली. भागीच्या पिशवीतून महादूने एकात एक बसवलेले तीन डबे काढले. पांढरे, कोरे, चकचकीत.

"मावशी, हा नवा माल हाय."

"जुना हाय. माजा हाय."

"हा जुना?" महादूने डबा वर धरला, रांगेला दाखवला आणि केबिनच्या दिशेने तोंड करून ओरडला, "सायेब, चोर गावला!"

रस्त्यापलीकडे रिक्षावाले उभे होते, त्यांनीही माना वळवल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भागी लहान असताना खालच्या गावात कोणाचा तरी पितळेचा तांब्या हरवला आणि माणसं सरळ पाड्यावर आली. दुसरीकडे बघायचं कशाला, नाही का! भागीचा बाप बारक्या आदल्या दिवशी त्या घरी लाकडं टाकायला गेला होता. त्याला धरून नेलं, दोन दिवसांनी सोडलं. तांब्या पुढे त्याच घरच्या विहिरीत सापडला. सापडल्याचं साऱ्या गावाला कळलं, पण तेवढं सांगायला डोंगर चढून वर कोणी आलं नाही. बारक्या त्यानंतर मरेपर्यंत त्या गावात गेला नाही. ज्या पाड्यावर एकाही दाराला कडी नव्हती, तिथला तो माणूस.

म्हणून महादूचा तो शब्द ऐकल्यावर भागीला पहिल्यांदा नोकरीची भीती वाटलीच नाही. डोळ्यांपुढे आला तो बाप.

तिच्या मागे गुणाबाई उभी होती, सहा वर्षं रोज शेजारी बसून जेवणारी. ती म्हणाली, "अरे, ती रोज आणते डबे."

"हेच तीन? शपथेवर सांग."

गुणाबाईने डब्यांकडे बघितलं. आता डब्यासारखा डबा, काय ओळखणार? शपथ काही तिला घेववली नाही. आत जाताना पिशव्या कोणी बघत नाही, बघतात त्या बाहेर पडताना. भागीने सकाळी काय आत नेलं, हे सांगणारं तिथे कोणीही नव्हतं.

केबिनमध्ये सुमित होता, भिवंडीतलाच, वर्षभरापूर्वी सुपरवायझर झालेला पोरगा. स्वभावाने बरा. त्याने खोक्यातला एक डबा मागवला आणि भागीचा डबा शेजारी ठेवला. उजेडात धरले. खाली छापलेलं चिन्हही तेच. "मावशी, खरं सांगा हां, मी वर कळवणार नाही. पण उद्यापासून येऊ नका."

"चार वर्सं झाली ह्या डब्यांना. मी रोज सुकट आनते ह्याच्यात. वास घ्या."

सुमितने वास घेतला. "लिंबाचा वास येतोय."

घ्या! जन्मभर घासूनपुसून जे कमावलं, ते असं अंगावर आलं. डाग नाही, चरा नाही, वास नाही. स्नेहाच्या हातचा एखादा गचाळ डबा आज पिशवीत असता तर भागी एव्हाना रिक्षात बसली असती. तिला स्नेहाची आठवण झाली आणि त्याबरोबर ते वरणही आठवलं.

कोपऱ्यात सुमितची चहाची इलेक्ट्रिक किटली होती. भागी म्हणाली, "सायेब, पानी कढवा."

"चहा हवाय?"

"चहा न्हाय. कढत पानी पायजे. माज्या डब्यात वता, तुमच्या डब्यात वता. झाकनं लावा. मंग वास घ्या."

सुमितला हसू आलं, पण घरी जायची घाई असूनही त्याने बटण दाबलं. पाणी खळखळलं. चार डबे टेबलावर मांडले, तीन तिचे आणि एक खोक्यातला. पाणी ओतलं, झाकणं दाबली. महादू दारात हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर असा भाव की बघूया आता म्हातारीचे चाळे.

"आधी तुमचा उघडा," भागी म्हणाली.

सुमितने खोक्यातल्या डब्याचं झाकण काढलं. नव्या प्लास्टिकचा येतो तो वास, दुसरं काही नाही.

मग तिचा पहिला. झाकण उचललं मात्र, वाफेबरोबर चार वर्षांची सुकट केबिनभर झाली! सुमितची मान मागे गेली. दुसऱ्या डब्यातून लसूण आली. भाताच्या डब्यातून फारसं काही आलं नाही, पण त्याची आता गरज नव्हती. भागीने सुकटीचा डबा उचलला आणि सरळ महादूच्या नाकाखाली धरला.

"घे. चांगला घे वास."

माळकरी माणूस! दोन्ही हातांनी नाक दाबून तो व्हरांड्यात पळाला. ह्यापेक्षा खणखणीत साक्ष कोणी दिली नसती. सुमित टेबलावर हात आपटून हसला. मग भानावर येऊन म्हणाला, "सुटलात मावशी. जा घरी, उद्या कामावर या."

भागीने पाणी कुंडीत ओतलं, डबे पुसून पिशवीत भरले आणि पुन्हा स्टुलावर बसली.

"आता काय?"

"त्यानं बोंबलून सांगितलं, सगल्यांनी ऐकलं. आता बोंबलून परत घेऊ दे."

"अहो, ऐकायला आहे कोण? सगळे गेले घरी."

"उद्या सकाली येत्यात ना सगले."

दुसऱ्या दिवशी आठला गेटवर रांग होती. भागी पुढे आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मागून बायका ढकलायला लागल्या, ती हलेना. महादू हळूच म्हणाला, "झाली चूक, मावशी. जा आत."

"काल तुजा आवाज रस्त्यापलीकडं गेलता."

महादूने सुमितकडे बघितलं. सुमितने मान डोलावली. महादू खाकरला आणि एकदाचा ओरडला, "भागीमावशीने काय घेतलं न्हाय! डबे तिचेच हायत! चूक माझी हाय!" कोणीतरी फिसकन हसलं. गुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. एका रिक्षावाल्याने पलीकडून विचारलं, "क्या हुआ?" आणि दुसऱ्याने त्याला सांगितलं. बारक्याला हे मिळालं नव्हतं, एवढंच भागीच्या मनात आलं. ती आत गेली आणि झाडू घेतला.

आठवड्याभराने कळलं की चळत कारखान्यातूनच कमी आली होती. सुमितने ते भागीला स्वतः येऊन सांगितलं. ती "बरं" म्हणाली. सुटताना पिशव्या बघणं मात्र चालू राहिलं. महादू आता भागीची पिशवी बघायचा नाही, नुसता हात हलवायचा. पण महादूची ड्युटी बदलायची, कधी गेटवर दुसराच असायचा, नवा, हिंदी बोलणारा. तो डबे काढायचा, वळवून बघायचा, परत ठेवायचा. तेवढा वेळ भागी श्वास धरून उभी राहायची.

एका रविवारी स्नेहा डबे उन्हात घालायला निघाली. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे सगळे गोळा केले. भागीचे कामावर न्यायचे तीन गोल डबे दिसेनात. शोधत मोरीपाशी आली तर तिथे तिघे ओळीने मांडलेले, आणि भागी स्टोव्हवरचं पातेलं फडक्यात धरून त्यांत काहीतरी ओतत होती. वाफ येत होती. पाणी पिवळंजर्द होतं.

"आई! हळद घातलीत? आणि गरम?"

"हां."

"अहो, डाग पडतील. उन्हानेसुद्धा जायचे नाहीत मग."

"न्हाय जायला पायजेत."

स्नेहाला आधी कळलं नाही. मग गेटवरची ती झडती आठवली आणि कळलं. चार वर्षं ह्या बाईने एका पिवळ्या रेघेसाठी तिला मोरीत परत बसवलं होतं. ती खाली बसली, एक डबा जरा तिरपा करून पाणी काठापर्यंत पोचतंय का ते बघितलं.

"झाकणाला पण लावू?"

"लाव," भागी म्हणाली. "लांबून दिसंल असं लाव."

बाकीचे डबे स्नेहाने पत्र्यावर नेऊन पालथे घातले.