चांदीला ऐकवलेली गाऱ्हाणी

चुलीवर रटरटणाऱ्या सरकीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? तेलकट, उबदार, किंचित गोडसर असा तो वास असतो. पहाटेच्या गारव्यात तो घरभर असा पसरतो की भुकेल्या माणसाला वाटावं, आज आपल्याकडे काहीतरी विशेष शिजतं आहे. माझ्या लहानपणची प्रत्येक सकाळ याच वासानं उजाडली, आणि ते विशेष अन्न आमच्यासाठी कधीच नव्हतं. कासारवाडीच्या आमच्या घरात चूल पहिल्यांदा पेटायची ती आमच्या म्हशीसाठी, चांदीसाठी. तिची सरकी उतरली की उरलेल्या निखाऱ्यांवर आमची शिळी भाकरी गरम व्हायची. चांदीच्या पाटीत सरकी, पेंड आणि मिठाचा खडा. आमच्या ताटात भाकरी, ठेचा आणि गुळाचा कोरा चहा. घरात दुभती म्हैस असून चहा कोरा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. हसू देत. आम्हीही हसतच प्यायलो तो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. नदीकाठची आमची जमिनीची पट्टी एवढी चिंचोळी होती की पाऊस बरा झाला तरी ज्वारी संक्रांतीपलीकडे पुरायची नाही. माझे वडील, आबा, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला खडी फोडायला जायचे आणि संध्याकाळी पापण्यांवर दगडाची धूळ घेऊन परतायचे. मग पिंपरीच्या माळावर नवी कंपनी उभी राहू लागली. भिंती उभ्या राहायच्या आत तिथं कामगारांसाठी कँटीन सुरू झालं, आणि त्या कँटीनला दोन्ही वेळच्या दुधाचा रतीब आमच्या चांदीचा लागला. मी तेव्हा सातवी पास झाले होते. पुढचं हायस्कूल चिंचवडला. आबांनी सरळ सांगून टाकलं, "रतीब हाय तवर शीक, शकू. रतीब तुटला की तुझ्या आईसंगं घमेलं उचलाय चल." एका मुक्या जनावराच्या कासेवर एका मुलीचं भवितव्य असं टांगलेलं असावं, हे मला तेव्हा मुळीच विचित्र वाटलं नाही. इतरांची भवितव्यं तरी कुठं फार भक्कम खुंटीला टांगलेली होती?

धार काढायचा अधिकार मात्र आजीचा. ती आबांची आई. उंच, सुकलेली, आवाजाला धार असलेली. लग्न होऊन आल्या दिवसापासून माझ्या आईच्या वाट्याला शेण, वैरण, पाणी, सरकी हे सगळं आलं; धारेची कासंडी तेवढी आजीनं कधी हातची सोडली नाही. राजानं राजदंड मिरवावा तशी ती पितळी कासंडी मिरवत ती गोठ्यात जायची, चांदीच्या पोटाला डोकं टेकायची आणि बोलायला लागायची. काय बोलायची? आपल्या सुनेची गाऱ्हाणी. "बघ की गं चांदे, चाकणची सून केली आन् वाटोळं झालं. कांद्याचा डोंगुर घालती भाजीत. बापानं जनू वखारच दिली हाय आंदण. भाकरी थापती का उशी? निजली की उठत न्हाई, उठली की बोलत न्हाई, बोलली की थांबत न्हाई." गोठ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये नुसता शेणानं सारवलेला कूड. पलीकडे आई भाकऱ्या थापत असायची. ती चकार शब्द काढायची नाही, पण भाकरी थापण्याचा आवाज जरासा मोठा व्हायचा. एका बाजूला दुधाच्या धारेची लय, दुसऱ्या बाजूला भाकरीची थाप, आणि मधून आजीचा अखंड, ठसकेबाज सूर! आमच्या घरचा तो प्रातःकालीन संगीताचा कार्यक्रम होता, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आजी नदीच्या घाटावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं कामट्या लावून हात बांधला आणि बजावलं, "आजीबाई, म्हशीला हात लावाल तर हात माझ्याकडं परत आणू नका." त्याच संध्याकाळी आई पहिल्यांदा कासंडी घेऊन गोठ्यात गेली. चांदीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पाय झाडला आणि दूध चढवलं. रेडकू सोडलं, सड कोमट पाण्यानं धुतले, पाटीत जास्तीची पेंड ओतली. पान्हा म्हणून फुटेना.

आमच्याकडे या रोगावर एक ठरलेला उपाय होता, तो म्हणजे धनिणीची वस्त्रं. म्हैस धार देते ती अंगावरच्या लुगड्याच्या ओळखीनं, अशी गावाची पक्की समजूत. आईनं आजीचं विटकं हिरवं लुगडं नेसलं; चांदीनं हुंगलं, फुरफुरली, वळून उभी राहिली. मग आबा इरेला पेटले. आईच्या हाताला जोर नाही, असं म्हणत त्यांनी तेच लुगडं स्वतः गुंडाळलं आणि मिशांवरून पदर घेतला. शेजारच्या सखूकाकू कुंपणाशी आल्याच होत्या. "अगं बया, सासूबाईंला मिशा कवा फुटल्या?" त्या म्हणाल्या. चांदीनं लाथ मारली, कासंडी एकीकडे, आबा दुसरीकडे. आजी जोत्यावर बसून सगळं बघत होती. लेकाला शेणात बसलेलं पाहून ती एवढी हसली की तिच्या बांधलेल्या हातातून कळ आली आणि त्या कळीबद्दलही तिनं आबांनाच शिव्या दिल्या.

हसणं खरं होतं, पण भीतीही खरी होती. म्हैस अशी चार वेळा तुंबली की आटायला वेळ लागत नाही. कँटीनचे मुकादम रत्नागिरीकडचे, स्वभावानं मऊ. सायकल टेकवून ते दारात अवघडून उभे राहिले. "आजी, माझा काही राग नाही हो. पण माणसं चहाला थांबतात कुठं? उद्या सकाळी दूध आलं नाही, तर मला दुसरं घर बघावं लागेल." ते गेल्यावर आबांनी कोपऱ्यातलं घमेलं उचलून त्याची माती झटकली आणि पुन्हा ठेवलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी दप्तर उगाच आवरत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आईनं कासंडी उचलली. लुगडं तिचं स्वतःचंच होतं. मी कंदील धरून मागे गेले. तिनं चांदीच्या पोटाला डोकं टेकलं, आणि तिच्या कंठातून आजी बोलू लागली. तोच ठसका, तीच पट्टी, तेच हेल! "बघ की गं चांदे, चाकणची सून केली आन् वाटोळं झालं. कांद्याचा डोंगुर घालती भाजीत..." कुडाआडून इतकी वर्षं ऐकलेलं आपलंच गाऱ्हाणं ती अक्षर न गाळता म्हणत होती, भाकरी, उशी, झोप, वखार, सगळं. चांदीचे कान हलले. तिनं दीर्घ श्वास सोडला, पाय सैल केला, आणि रिकाम्या पितळेवर पहिली धार छनकन वाजली. वस्त्रांचा काही संबंध नव्हता तर! त्या जनावराला सवय होती ती एका रागाची, एका लयीची. सुनेची निंदा ऐकल्यावाचून तिला पान्हाच फुटत नव्हता.

कासंडी अर्धी झाली आणि आजीचा साठा संपला. आई थांबली तशी धारही बारीक झाली. मग तिनं त्याच सुरात स्वतःच्या पदरचं घालायला सुरुवात केली. "आन् सासू तरी कशी म्हनतीस चांदे? मीठ जास्ती झालं तरी बोलती, कमी झालं तरी बोलती. बरूबर झालं तर म्हनती, आज कुनी शिकिवलं? तापात पडले तवा रातभर उशाशी बसली, आन् सकाळी गावाला सांगती, सून लोळत पडली हुती." कुडापलीकडे आजी जागी आहे हे मला ठाऊक होतं. कासंडी फेसानं काठोकाठ भरली. आम्ही बाहेर आलो तर आजी दारातच उभी. आईनं पदर सावरला आणि खाली बघितलं. "आत्याबाई, तुमी निजला नव्हता व्हय?"

आजीनं आधी कासंडीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "समदं पाठ हाय की गं तुला. आन् मी समजत हुते, ही बहिरी हाय." थोडं पुढं गेल्यावर वळून म्हणाली, "मिठाचं मातुर खोटं बोललीस."

दूध वेळेवर कँटीनला पोचलं. थंडी संपता संपता आजीचा हात बरा झाला, पण कासंडी तिनं पुन्हा उचलली नाही. ती गोठ्यात येऊन उंबऱ्यावर बसायची, आई धार काढायची, आणि आता गाऱ्हाणी दोन्ही बाजूंनी, समोरासमोर, खुल्या आवाजात चालायची. सखूकाकू खास ऐकायला म्हणून यायच्या. ज्या घरात तक्रार कुडाआडून होत होती, त्या घरात ती तोंडावर होऊ लागली, आणि भांडण वाढण्याऐवजी हसणं वाढलं, याचं नवल मला आजही वाटतं. माणसाचा जिव्हाळा किती आडवाटांनी वाहतो! आई पुढं स्वतः आजी झाली. संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात ती माझ्या मुलांना सासूच्या आवाजात रागवायची, आणि ज्या पणजीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं तिचा धाक बाळगून मुलं जेवायला बसायची.

रतीब तुटला नाही. चांदीमागून तिच्या लेकीनं तो चालवला. मी रोज रुळांच्या कडेनं चिंचवडला चालत जाऊन हायस्कूल पुरं केलं, मग पुण्याच्या कॉलेजात गेले. निकाल घेऊन मी घरी आले तेव्हा आई आणि आजी अंगणात शेंगा फोडत होत्या. पास झाले म्हणून सांगितलं. आई उठली आणि हात न पुसताच तिनं माझा चेहरा ओंजळीत धरला. आजीनं विचारलं, "ह्याच्या म्होरं अजून काय शिकायचं ऱ्हायलंय का?" मी म्हटलं, "राहिलंय थोडं." "मग जेवून घे आदी," ती म्हणाली.

आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढले, आणि बी.ए. होऊन उतरले.