कौसल्येला आणायला गेलेली मोटारसायकल

शिक्षकांच्या खोलीतला किस्सा कधी एकटा राहत नाही. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि मधली सुट्टी संपते! भोसले सरांच्या मोटारसायकलीचे किस्से असेच वाढत गेले. बाकीच्यांनी त्यांत पदरचे बरेच घातले आहे. मागच्या सीटवर मी होते. म्हणून घडले तेवढेच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ. सातवीतली कौसल्या एकाएकी शाळेत यायची थांबली. शिष्यवृत्तीची परीक्षा महिन्यावर आली होती, आणि आमच्या शाळेतून त्या परीक्षेत कोणी निघेल तर तीच, याविषयी मला शंका नव्हती. गणिताच्या भोसले सरांकडे लष्कराच्या लिलावातून आणलेली मोटारसायकल होती.

"बाई, बसा. पोरीला घेऊनच येऊ!"

मी बसले.

*

कौसल्येचे घर शनीच्या शिंगणापुरात. कडी वाजवावी, तर दारच नाही. आणि न विचारता परक्याच्या घरात शिरणे मला मान्य नव्हते.

"हॉर्न देतो," सर म्हणाले. दिला, आणि तो अडकला! पाच मिनिटे केकाटत होता. गल्लीतून कोंबडीसुद्धा बाहेर आली नाही.

सरांनी अखेर वायर उपटली, तेव्हा पारावरचे म्हातारबाबा म्हणाले, "कुनाला उठवताय, मास्तर? समदं गाव खडी फोडाया गेलंय. कौशीचा बाप पाथर्डीच्या अंगाला हाय."

*

पुढच्या रविवारी पाथर्डीच्या वाटेवर टायरात बाभळीचा काटा गेला. छिद्र सापडायचे तर ट्यूब पाण्यात बुडवावी लागते. वस्तीवरच्या एका बाईंनी घमेल्यात हंडा रिकामा केला. सरांनी धुळीने माखलेली ट्यूब त्यात बुडवली. बुडबुडे आले. "सापडलं!" सर आनंदाने ओरडले.

मी विचारले, "पाणी कुठून आणता?"

"दोन कोसांवरनं."

आम्ही दोघेही त्या काळ्या पाण्याकडे पाहत राहिलो.

"ऱ्हाऊ द्या बाई, म्हैस पिईल," त्यांनीच आमची समजूत घातली.

गोठा रिकामा होता!

*

त्याच दिवशी पुढे दुष्काळी कामावरचा एक नवाकोरा रस्ता लागला. सरांनी प्रथमच वेग वाढवला, आणि रस्ता संपला. आम्ही खडीच्या ढिगात! माझा चष्मा एकीकडे, सरांचा जोडा दुसरीकडे. मुकादम धावत आला.

"हा रस्ता जातो तरी कुठे?" मी विचारले.

"कुटंच न्हाई, बाई. करायचा म्हनून करतोय."

इतके सरळ उत्तर मला वर्गात क्वचितच मिळाले. कौसल्येच्या बापाचा ठावठिकाणा मात्र त्याला ठाऊक नव्हता. आणखी दोन रविवार शोधण्यात गेले.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी, डोंगराखालच्या एका कामावर, कौसल्या सापडली. बापाशी तासभर वाद झाला.

"तिची हजेरी बुडंल, बाई."

"आणि वर्ष बुडेल, त्याचे काय?"

अखेर त्याने मान हलवली. "न्या. पर म्या परत न्हाई म्हनायच्या आत न्या!"

कौसल्येने कपड्यांचे गाठोडे बांधले. आणि गाडी सुरू होईना! किक मारून सर घामाघूम झाले. शेवटी धक्का मारायचे ठरले. मी आधीच मागे बसले. कौसल्येला उतार संपल्यावर घ्यायचे होते. बाप, चार बाया आणि स्वतः कौसल्या, सगळ्यांनी ढकलले. गाडी धडधडत सुटली.

"सर, थांबा! कौसल्या!"

"थांबलो तर बंद पडेल, बाई! पुढून वळवतो!"

वळवण्याइतकी जागा दीड मैलावर मिळाली. वळवताना गाडी बंद पडली ती पडलीच. ढकलत ढकलत आम्ही परतलो, तोवर ऊन कलले होते.

"पोर पळाली तुमच्यामागं, पार वढ्यापत्तुर," बाप माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुमी थांबला न्हाई. म्या म्हनलो, बाईंचा इचार फिरला."

गाठोडे सुटलेले होते. कौसल्या ढिगाशी बसून हातोडी चालवत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिले. मग माझ्यामागच्या मोटारसायकलीकडे पाहिले आणि हातोडी खाली ठेवली.

"परत ढकलायची का, बाई?"