उसाचं पेट्रोल आणि माझी चौथी फेरी

आमच्या पंपावर पहिल्यांदा इथेनॉल घातलेलं पेट्रोल आलं, त्या आठवड्यात आमच्या घरी गंमतच झाली. दोन हजार सालानंतरची गोष्ट, कोल्हापूरजवळच्या आमच्या गावातली... परवा नातीसंगं पंपावर उभी होते तेव्हा आठवलं, म्हणून लिहिते. टाईप करायलाही तिनंच शिकवलंय, चुकलं तर पोटात घाला.

आमचे हे साखर कारखान्याचे सभासद. उसाची साखर, उरलेली मळी, मळीचं इथेनॉल आणि ते आता गाडीत! घरी बारसं असल्यासारखे मिरवत होते. दारावरून जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "पावणं, आपला ऊस आता नुसता गोड लागत न्हाय, पळतोय बी!"

मी तेव्हा मोपेडवरून कोल्हापुरात दुधाचा रतीब घालायची. शाळेत चौथीसुद्धा पुरी झाली नाही, पण गाडी शिकले ती पन्नाशीत. शिकताना एकदा थेट उकिरड्यात शिरले होते... ते राहू दे आता. दोन्हीकडं दोन किटल्या, पदर खोचलेला, की निघाले शिवाजी पुलावरून पेठेत.

गाडीच्या मीटरची केबल कधीचीच तुटलेली. त्यामुळं किलोमीटर कुणाला कळतंय? आमच्या घरी ॲव्हरेज धरायचं रतिबाच्या फेऱ्यांवर. साध्या पेट्रोलवर लिटराला चार फेऱ्या, हे अगदी ठरलेलं.

माझा धाकटा भाऊ रंगा शहरात गॅरेज चालवायचा. तो आला आणि ह्यांना डिवचायला लागला. "दाजी, इंजनाला रस पाजताय व्हय? भाव तेवढाच आणि ॲव्हरेज बोंबलंल की!"

झालं, ह्यांना झोंबलं. भाव दोन्हीचा सारखाच, म्हणजे बघायच्या त्या फेऱ्याच. टाकी पार कोरडी केली आणि नवीन पेट्रोल एक लिटर मोजून घालायला ह्यांनी माझं दुधाचं मापच उचललं... मी ते हिसकावून घेतलं. गिऱ्हाइकांनी चहात वास काढला असता ना! मग बाटलीनं मोजलं.

तिसऱ्या दिवशी परत येताना, गाव दिसायला लागलं आणि गाडी फुसफुसून बंद पडली. चार कुठल्या, तीन फेऱ्याही धड झाल्या नाहीत.

रंगानं इंजनाला कान लावला. म्हणाला, "आक्का, हे पेट्रोल इंजन खाणार बघ. गाडी धड हाय तवर काढून टाका, माझ्याकडं गिऱ्हाईक हाय." हे गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. चहा दिला तर तोही तसाच. शेवटी एवढंच म्हणाले, "काढूया गाडी. दूध डेअरीला घालू."

पण चौथी फेरी कुठं जात होती ते मला तेव्हाच उमगलं...

त्याच आठवड्यात मला एक नाद लागला होता. दूध घालून झालं की घरी यायच्या आधी मी रंकाळ्याला एक पूर्ण चक्कर मारायची. किटल्या रिकाम्या, ऊन कोवळं, तळ्यावरचा वारा तोंडावर... आणि मला कुणी काही मागत नाही. पहिल्यांदा सहज गेले, मग रोजच. एवढ्यानं काय पेट्रोल जातंय, असं वाटायचं.

सांगितलं तर चक्कर बंद. नाही सांगितलं तर गाडीच गेली. आणि ह्यांची मान खाली गेलेली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. टायरवर लाथा मारून बघायला लागलं, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "अहो, गाडीचा दोष न्हाय. तुमच्या इथेनॉलचाबी न्हाय. मी रोज रंकाळ्याला चक्कर मारतो."

"कशाला?"

"उगंच."

रंगा फिस्सकन हसला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत माझ्याकडं. आणि त्या माणसाला म्हणाले, "पावणं, चहा घ्या आणि जावा. गाडी विकायची न्हाय."

मग परत एक लिटर घातलं, चक्कर बंद ठेवून. चौथ्या फेरीला येताना आमच्या दारापासून चार पावलांवर गाडी थांबली, तेवढी ढकलत आणली. रंगा ओरडला, "बघा, कमी पडलंच की न्हाय!" खरंच, जराशी कमीच पडली होती. ह्यांचं आपलं शांतपणे, "एवढं तर म्हैस बी कवातरी कमी देती."

त्यानंतरच्या दिवशी मी किटल्या बांधत होते, तर हे टोपी घालून मागच्या सीटवर बसलेले. म्हटलं, हे काय? म्हणाले, "चल. इंजन कसं चालतंय बघायचं हाय." पेठेत मी दूध घालेपर्यंत गाडी धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आता तुझा रंकाळा दाव."

डबलसीट चक्कर मारली... ॲव्हरेजचं काय झालं ते आम्ही मोजलं नाही.

आज हे नाहीत, मोपेडही नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरी पेट्रोल कुठलंही असो, लिटराला तीनच फेऱ्या धरायच्या असं ह्यांनीच ठरवून टाकलं. चौथी कुठं जाते, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारू दिलं नाही.