कॅप्टनच्या बाह्या

भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालणारी बाई अख्ख्या उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एकच, पालेगावची वेणू. मुकेशशेठच्या कारखान्यात ती जीन्स शिवायची. शेठ रोज ओरडायचा, "वेणूबाई, पंखा घुमाऊं क्या? भट्टी बनके बैठी हो!"

"नको. मना थंडी वाजते," म्हणत वेणू पदराने घाम पुसायची.

थंडी कसली! लहानपणी जत्रेत आईने तिचे हात कोपरापर्यंत गोंदवून घेतले होते. हिरवे ठिपके, वेल, तुळस. पुढे पालेगावात टॉवर उठले, आणि तिथल्या लिफ्टमध्ये एका बाईने नाक मुरडून विचारलं, "घासून जात नाही का हो हे?" तेव्हापासून बाह्या लांबल्या त्या लांबल्याच.

आणि मग भाची तेजस्वीला कॉलेजच्या वेशभूषा स्पर्धेत जपानी कार्टूनमधली कॅप्टन व्हायचं सुचलं. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात येऊन तिने आत्यासमोर मोबाईल धरला. काळंभोर आभाळ, चांदण्याच चांदण्या, आणि त्यातून सरकत चाललेलं गावाएवढं जहाज. आत एक म्हातारी. तव्यासारखी काळी, आणि दोन्ही हात गोंदलेले.

"ही कोन गो? भांडी घासते का तिथं?"

"आते, ही कॅप्टन आहे!"

"चल! थट्टा नको करू."

तेजस्वीने पोटातून आवाज काढला आणि हुबेहूब म्हातारीसारखी गुरगुरली, "इंजिन सुरू करा!" पडद्यावर एकच धावपळ. लोखंडी पायाचा पोरगा धावला, हातांच्या खुणांनी बोलणारी पोरगी धावली, निळ्या कातडीचा कुणीतरी सलाम ठोकून गेला. वेणूचा घास हातातच राहिला.

"सगली हिचा ऐकतात?"

"सगळी."

"आन हसत नाय कोनी?"

"कुणाची टाप आहे!"

त्या दिवशी वेणूचा डबा तसाच परत गेला.

स्पर्धेच्या सकाळी तेजस्वी आत्याने शिवलेला कॅप्टनचा कोट न्यायला कारखान्यात आली, अंगात घातला आणि किंचाळली, "आते! बाह्या कशाला लावल्यास? कॅप्टनचे हात उघडे असतात!"

"अगो, गोंदलाय ना तिचे हातावर. चार लोकांत जायचा, म्हनून झाकला."

बटण लावलं म्हणावं इतक्या सहज बोलली ती. तेजस्वीने कोट काढून टेबलावर ठेवला. तिची नजर आत्याच्या बाह्यांवर गेली.

"आते," ती हळूच म्हणाली, "जपानच्या उत्तरेकडच्या बायकाही गोंदून घ्यायच्या. सरकारने त्यांना ते बंद करायला लावलं. ही कॅप्टन तरी हात झाकत नाही." मग हिरवं पेन काढून म्हणाली, "पण माझ्या हातांवर ठिपके काढू कसे? मोबाईलवर नीट दिसतच नाहीत."

वेणूने कात्री उचलली. कॅप्टनच्या बाह्या उतरवल्या. कात्री खाली न ठेवता क्षणभर थांबली, आणि स्वतःच्याच बाहीत घातली. कर्रर्र! शेजारच्या मशिनी थांबल्या.

"अरे वेणूबाई, ये क्या..." शेठ धावत आला. तो वाकून बघत राहिला. "मेरी अम्मा के भी थे," तो स्वतःच्या हनुवटीला बोट लावत म्हणाला. "इधर, ठोडी पे."

वेणूने हात टेबलावर पसरला. "बग आन काढ. वेल कोपराकून सुरू होते. घाई नको."

मग मान वर करून म्हणाली, "शेठ, पंखा फिरवा इकडं."